दगडफूल कोणाचं

वनस्पतिशास्त्र विभागात चांगला म्हणावा असा सूक्ष्मदर्शक एकच होता, आणि त्याचीही वाटणी झालेली होती. यंत्राचं धड बुरशीसरांच्या कपाटात आणि आयपीस, म्हणजे जिथे डोळा लावायचा ती भिंगं, शेवाळसरांच्या कपाटात. किल्ल्या दोघांच्या आपापल्या खिशात. विद्यार्थ्याला काही बघायचं असलं की त्याने आधी कॉरिडॉरच्या एका टोकाला जाऊन धड मागायचं, मग दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे मागायचे, आणि दोन्हीकडे समोरच्याचं नाव चुकूनही काढायचं नाही. दोन भावांनी भांडून जात्याची वरची तळी एकाने न्यावी, खालची दुसऱ्याने, आणि गावाने पीठ मागत फिरावं, तसला कारभार. आणि दरवर्षी फीच्या पावतीवर 'प्रयोगशाळा विकास शुल्क' असा एक आकडा ठसठशीत छापलेला असायचा. विकास कसला, तर दुसऱ्या कपाटाला दुसरं कुलूप.

त्यांची खरी नावं दारांवर पितळी अक्षरांत होती, पदव्यांच्या शेपटासकट. विद्यार्थ्यांनी मात्र ज्याने ज्याच्यावर जन्म काढला त्यावरून त्याचं बारसं केलं होतं. भांडणाचं मूळ एवढंच की पूर्वी कधीतरी दोघांनी मिळून एक निबंध लिहिला आणि पहिलं नाव कोणाचं यावर अडला. निबंध छापून आला नाही तो नाहीच. नावं मात्र अजून भांडतात.

अशा या घरात बाई संशोधनाला प्रवेश मागायला आली.

बाई म्हणजे शाळेतली बाई. अकरा वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, मुलं 'बाई' म्हणत, मग गल्लीही म्हणायला लागली, आणि शेवटी सख्खा भाऊही. तिचा विषय होता दगडफूल. भिंतींवर, दगडांवर, झाडांच्या सालींवर राखाडी-हिरवी खपली धरलेली असते ना, ती. शाळेच्या कुंपणभिंतीवर तिने ती मुलांना दाखवायला सुरुवात केली आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की सिमेंटच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भिंत-भिंत करत ती खपली विरळ होत जाते, आणि कारखान्याच्या फाटकापाशी भिंती अगदी बोडक्या असतात. हवेत काय चाललंय ते भिंत सांगत होती, वाचणारं कोणी नव्हतं. बाईने वाचायचं ठरवलं. परीक्षा दिली, शिष्यवृत्ती मिळवली, शाळेतून बिनपगारी रजा काढली. शिष्यवृत्तीला वयाची अट होती आणि बाई त्या अटीच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. यंदा प्रवेश मिळाला तर मिळाला. नाही मिळाला तर पुढच्या वर्षी ती 'अतिवयस्क', आणि भिंती आहेत तिथेच.

तिचा दादा गॅरेज चालवायचा आणि बोलताना समोरच्याला स्पॅनरने आवळायचा. त्याचं म्हणणं, या वयात लोक पोरांच्या शिक्षणाचं बघतात आणि ही भिंतीवरचं खरूज बघायला निघाली. पण मुलाखतीच्या दिवशी त्यानेच तिला स्कूटरवर आणून सोडलं, आणि उतरताना सांगितलं, "वाकून बोल जरा. तुझी मान म्हणजे खांबाला बांधल्यासारखी असते."

आता या दगडफुलाची एक गंमत आहे, ती समजल्याशिवाय पुढचा तमाशा समजायचा नाही. दगडफूल म्हणजे एक जीव नव्हे. शेवाळ आणि बुरशी यांनी मिळून मांडलेला तो संसार. बुरशी घर धरते, ओल राखते; शेवाळ उन्हातून अन्न शिजवतं. एकट्याने दोघांपैकी कोणीही त्या उघड्या दगडावर चार दिवस काढू शकत नाही. ज्या विभागाच्या एका टोकाला शेवाळाचा तज्ज्ञ आणि दुसऱ्या टोकाला बुरशीचा, तिथे हा विषय कोणाच्या दारात पडणार? बाईला वाटलं, दोघांच्याही. दोन दोन जाणकार एका छपराखाली, आपलं नशीबच उघडलं. शाळेत अकरा वर्षं काढलेल्या माणसाचा भाबडेपणा असतो तो. पुस्तकात 'सहजीवन' असा धडा असतो, म्हणून तिला वाटलं तो शिकवणाऱ्यांनी वाचलेला असेल.

बाहेरच्या बाकावर तिला ताई भेटली. ताई वयाने तिच्याएवढीच, पण कित्येक वर्षं तिथेच संशोधन करत असल्यामुळे सगळ्यांची ताई. बाईने आपला विषय सांगायला तोंड उघडलं, तर ताईने हात वर केला. विषय इथे कोणी विचारत नाही, म्हणाली. इथे विचारतात, कोणाची? म्हणजे कोणत्या सरांची. बाई म्हणाली, अजून कोणाचीच नाही. ताईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं भर बाजारात हरवलेल्या पोराकडे बघतात.

"मग एक कर," ताई म्हणाली. "आत गेल्यावर एकालाच नमस्कार कर. कोणाला ते तू ठरव. पण एकालाच."

"आणि दुसऱ्याला?"

"तो दिसलाच नाही असं कर. बाकी सगळे तेच करतात."

बाईला हसू आलं. मुलांना 'वर्गात पाहुणे आले की सगळ्यांना नमस्कार' असं शिकवण्यात आयुष्य गेलेली बाई ती. ती आत गेली आणि टेबलामागच्या तिघांनाही, डावीकडून उजवीकडे, सारखाच नमस्कार केला. तिचा प्रवेश तिथेच गेला. पुढचं सगळं नुसतं नाटक.

डावीकडे शेवाळसर, तुळतुळीत आणि ओलसर, कपाळावर सतत घाम. उजवीकडे बुरशीसर, उंच, कोरडे, खांद्यावर कोंडा. विद्यार्थ्यांनी नावं ठेवताना फार डोकं चालवलं नव्हतं. मध्ये बाहेरच्या विद्यापीठातून आलेले सदस्य. त्यांना परतीची बस गाठायची होती आणि बिस्किटांची बशी संपवायची होती, आणि दोन्ही कामं ते मन लावून करत होते.

पहिला प्रश्न बुरशीसरांनी टाकला, खवचट, की शाळेत शिकवणाऱ्या माणसाला संशोधनाची पद्धत कुठून ठाऊक असणार. त्यावर शेवाळसर ताडकन म्हणाले की अनुभवी शिक्षक हे विभागाचं भूषणच असतं. बाईला बरं वाटलं. मग तिने उत्तर दिलं, भिंतींची मापं कशी घेतली ते सांगितलं, आणि बुरशीसरांनी जरा मान हलवली, नकळत असेल, पण हलवली. त्याबरोबर शेवाळसरांचा चेहरा आंबला. मापं कोणी तपासली, त्यांनी विचारलं, कारखान्याच्या लोकांनी परवानगी दिली का, आणि मुळात हा विषय वनस्पतिशास्त्राचा आहे की गवंडीकामाचा. तो चढला की हा उतरायचा, हा चढला की तो. बाई सी-सॉच्या मधल्या लाकडासारखी. दोघांपैकी एकानेही दगडफूल या शब्दाचा उच्चार केला नाही. तिने आणलेला नमुना, सालीचा एक तुकडा, टेबलावर पडून होता. बाहेरच्या सदस्यांनी त्यावर बिस्किटाचा कागद ठेवला.

शेवटी बशी रिकामी झाली. सदस्यांनी घड्याळ बघत दोघांना विचारलं, मग काय ठरलं? शेवाळसर म्हणाले, माझ्या मते नको. बुरशीसर म्हणाले, माझंही तेच मत. एकमत झालं म्हणून सदस्यांना केवढा आनंद झाला. वर्षानुवर्षं पंख्याच्या वेगावरही ज्यांचं जुळलं नाही, ते दोन विद्वान एका गोष्टीवर जुळले, आणि ती गोष्ट म्हणजे ही बाई नको.

बाहेर आल्यावर ताईने उलगडा केला. तू दोघांनाही नमस्कार केलास ना? शेवाळसरांना वाटलं, माझी असती तर त्या माणसाला हात कशाला जोडले असते? म्हणजे त्याचीच, आणि मला फसवायला गोड बोलते. बुरशीसरांनाही हुबेहूब तेच वाटलं. बाई म्हणाली, पण मी तर कोणाचीच नव्हते. ताई म्हणाली, तेच तर सांगतेय, असा प्राणी त्यांनी पाहिलेलाच नाही.

दादाने स्कूटर चालू करता करता विचारलं, काय झालं? बाईने सांगितलं. त्याने चालू झालेली स्कूटर बंद केली. मग म्हणाला, "एवढं शिकून हे? आमच्या गॅरेजात दोन कारागीर भांडले तर निदान गाडी तरी दुरुस्त होते." आणि घरी जाईपर्यंत त्याने टोमणा मारला नाही, यावरून बाईला कळलं की आपलं फारच वाईट झालंय.

पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण रसायनवाले जागे होते.

विद्यापीठात रिकामी जागा म्हणजे उघडं ताट. जो विभाग जागा भरत नाही त्याची जागा वरचं ऑफिस दुसऱ्याला देऊन टाकतं, आणि रसायनशास्त्र विभागाने त्याच दिवशी अर्ज टाकला होता. बाई आपली कागदपत्रं परत घ्यायला वरच्या ऑफिसात गेली तेव्हा कारकुनाने हे सांगितलं, दात कोरत, जसं काही पावसापाण्याबद्दल बोलावं. शुक्रवारी जागा जाईल, म्हणाला. बाईने विचारलं, काही करता येत नाही का? येतं की, तो म्हणाला. विषय दोन शाखांचा असला तर दोन मार्गदर्शक चालतात. दोघांनी लेखी संमती दिली की मुलाखतीचा निकाल फिरतो. एका कागदावर नको, वेगवेगळ्या कागदांवर दिली तरी चालेल, मी जोडून घेईन. मग त्याने काडी टाकली आणि म्हणाला, "आजवर त्या विभागातून अशी जोडी कोणी आणलेली नाही. तुम्ही आणलीत तर मी स्वतः चहा पाजीन."

रसायनवाल्यांची बातमी विभागात पोचली तशी दोन्ही टोकांना आग लागली. रसायनवाल्यांचा द्वेष हा दोघांचा समाईक होता, पण समाईक आहे म्हणून एकत्र करावा एवढी अक्कल असती तर मग काय. प्रत्येकाने ठरवलं की जागा वाचवायची, पण आपली म्हणून. आणि दोघांकडे मिळून उमेदवार एकच उरला होता, ज्याला दोघांनी मिळून हाकललं होतं.

आधी शेवाळसरांनी बोलावलं. मुलाखतीत 'तुम्ही' होतं, इथे 'तू' झालं, म्हणजे आपली मानली. बस म्हणाले, पाणी सांगितलं. हे बघ, म्हणाले, तुझा विषय चांगला आहे, फक्त त्यात पसारा फार. ती बुरशी काढून टाक. नुसतं शेवाळ घे, मी उद्या सही करतो. बाई म्हणाली, सर, वेगळं काढलं की ते दगडफूल राहत नाही, मरतंच ते. शेवाळसर प्रेमळ हसले.

"अगं, मेलेल्यावरही पीएच.डी. होते. उलट सोपी होते. मेलेलं हलत नाही."

तिथून निघाली ती दुसऱ्या टोकाला, कारण तिथूनही निरोप आलेला. बुरशीसरांनी पाणी सांगितलं नाही, पण तत्त्वज्ञान सांगितलं. बुरशी म्हणजे घर, शेवाळ म्हणजे भाडेकरू. भाडेकरूवर कोणी प्रबंध लिहितं का? त्याला बाहेर काढ, मग बघू. बाईने विचारलं, दोघांनी मिळून सही केली तर? बुरशीसरांनी खिडकीबाहेर बघितलं. आधी त्यांनी करावी, मग मी विचार करीन, म्हणाले. बाई परत या टोकाला आली. शेवाळसर म्हणाले, आधी त्यांची बघू दे, मग ठरवतो. म्हातारपणी माणसं पिकल्या फळासारखी मऊ होतात म्हणतात. ही फळं मात्र दगडाची होती.

त्या संध्याकाळी बाई जवळजवळ हरली होती. घरी जेवताना म्हणाली, नुसतं शेवाळच घ्यावं का? निदान आत तरी जाईन. दादा म्हणाला, घे की. अर्धी गाडी घेतात का कोणी? पण तू घे. बाई चिडली. चिडली ती त्याच्यावर नव्हे, आपल्यावर. कारण क्षणभर तिला खरोखर वाटलं होतं की अर्धी गाडीही चालते. ताटावरून उठून ती बाहेर ओट्यावर बसली आणि मुलाखतीतला तो चढ-उताराचा खेळ मनात पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. यांनी तिच्याबद्दल एकदाही मत बनवलं नव्हतं. एकाने बनवलेल्या मताच्या विरुद्ध दुसऱ्याने मत बनवलं, एवढंच. म्हणजे यांना पटवायचंच नाही. यांना फक्त कळवायचं, की दुसरा काय म्हणतोय.

शाळेत चहाडी करणाऱ्या पोराला बाई वर्गाबाहेर उभं करायची. सगळ्यांत वाईट खोड ती, म्हणायची, चोरी परवडली. शुक्रवारी सकाळी ती दोन कोरी संमतीपत्रं घेऊन विभागात गेली तेव्हा तिला ते आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि ती चालत राहिली.

बुरशीसर आधी सापडले. बाईने मान खाली घातली, दादाने सांगितलं होतं तशी, आणि सांगितलं की मी निरोप घ्यायला आलेय. शेवाळसरांनी स्पष्ट नाही म्हटलं. म्हणाले, असला विषय माझ्या विभागात होणार नाही.

"माझ्या?" बुरशीसर म्हणाले. "त्यांचा विभाग?"

बाईने नुसती मान हलवली. बोलण्याची गरजच नव्हती. विभाग कोणाचा, तो त्यांच्या वडिलांनी आंदण दिलाय का, मी इथे आलो तेव्हा हे गृहस्थ नळाच्या टाकीतलं शेवाळ खरवडत होते, वगैरे वगैरे बुरशीसर खुर्चीतून उठून बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनीच हात पुढे केला. कागद कुठाय तो? सही इतक्या जोरात केली की खालच्या वर्तमानपत्रावर उमटली. दगडफूल हा शब्द त्यांनी त्या वेळीही उच्चारला नाही.

बाईने तो कागद पिशवीत खोल सरकवला आणि कॉरिडॉर ओलांडला. आता तिचा आवाज जास्त स्थिर होता, आणि हे तिचं तिलाच आवडलं नाही. शेवाळसरांना तिने सांगितलं की बुरशीसर फार चिडलेत. म्हणाले, ही बाई या विभागात आली, तर मी विभाग सोडून जाईन.

शेवाळसर हलायचे थांबले. कपाळावरचा घामसुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"असं म्हणाले? सोडून जाईन?"

"हो सर. शिपायासमोर म्हणाले."

शिपायाचं तिने ऐन वेळी घातलं. आपण एवढं चांगलं खोटं बोलतो हे पस्तिशीपर्यंत तिला माहीत नव्हतं. शेवाळसरांनी पेनाचं टोपण काढण्याआधीच सही सुरू केली होती. पहिलं अक्षर उठलंच नाही म्हणून दुसऱ्यांदा केली. वर चार ओळी शिफारसही लिहिली स्वतःच्या हाताने, की असा मौलिक विषय विभागाला लाभणं ही भाग्याची गोष्ट आहे. मग मागे रेलून म्हणाले, विज्ञानाची सेवा करायची तर थोडा वाईटपणा घ्यावा लागतो.

वरच्या ऑफिसातल्या कारकुनाने दोन्ही सह्या उजेडात धरून पाहिल्या, खोट्या आहेत का म्हणून. मग एका टाचणीत ओवल्या. दोघांची नावं एकत्र पाहून त्याला हसावं की नमस्कार करावा ते कळेना. काय केलंत? त्याने विचारलं. बाई म्हणाली, काही नाही, दोघांना एकमेकांचं म्हणणं सांगितलं. चहा त्याने पाजला नाही. कोणी आपला शब्द खरा करावा अशी ती इमारतच नव्हती.

प्रवेश झाला. रसायनवाल्यांनी कपाळावर हात मारला. ताईने बाईला जवळ घेतलं आणि कानात विचारलं, शेवटी कोणाची झालीस? बाई म्हणाली, दगडफुलाची. पण ते वाक्य तिला बोलताना जेवढं बरं वाटलं, तेवढं बोलून झाल्यावर वाटलं नाही.

कारण दोघेही सर खूश होते, आपल्या एकट्याच्या सहीने प्रवेश झाला असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि हीच भानगड होती. बुरशीसर कॉरिडॉरमधून ताठ चालायला लागले, शेवाळसरांच्या छाताडावर बसून प्रवेश दिला या ऐटीत. शेवाळसर दर सकाळी आल्या आल्या बुरशीसरांच्या दाराकडे बघायचे. दार उघडंच. आत दिवा, आत माणूस. असे बरेच दिवस गेले, आणि मग एका दुपारी त्यांनी बाईला बोलावून घेतलं. ती कारखान्याच्या रस्त्यावर भिंती मोजायला निघाली होती, हातात मोजपट्टी, डोक्याला रुमाल.

दार लावून घे, म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "ते जाणार होते ना? विभाग सोडून? अजून कसे गेले नाहीत?"

बाई दारापाशी उभ्यानेच उत्तर देणार होती, की मला माहीत नाही सर. खऱ्याच्या जवळचं उत्तर तेवढंच होतं, आणि दगडफूल तर आता हातात आलेलं होतं. पण तिच्यासमोर सहा महिन्यांनी यायची प्रगती-समितीची बैठक उभी राहिली, जिच्यात या दोघांनाच परत बसायचं होतं, आणि परत सह्या करायच्या होत्या. आणि त्याच्या सहा महिन्यांनी परत. कारखान्याच्या फाटकापर्यंतच्या सगळ्या भिंती त्या सह्यांच्या पलीकडे होत्या.

"राजीनामा लिहून ठेवलाय म्हणतात, सर," ती म्हणाली. "तारीख टाकायची राहिलीये."

शेवाळसरांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. त्यांनी शिपायाला हाक मारून दोन चहा सांगितले, आणि खुर्ची पुढे ओढून तिला म्हणाले, बस ना, उभी का? बाई बसली. मोजपट्टी तिने मांडीवर ठेवली. बाहेर ऊन चढत होतं, भिंती मोजायची वेळ टळत होती, आणि समोरचा विद्वान तिला विचारत होता की राजीनाम्याचा कागद साधा आहे की विभागाच्या नावाचा.

चहा आला. चांगला होता. त्याचाच तिला जास्त राग आला.